हाडे जिवंत असतात

(या पाठात आपल्या शरीरातील हाडे, कूर्चा आणि सांधे यांची माहिती दिली आहे. हाडे ही निर्जीव वस्तू नसून ती रोज मोडत आणि घडत असतात. त्यांना बळकट करण्याचे खरे वय शाळेत शिकण्याचेच असते, हे या पाठातून समजते.)

मुलांनो, आपल्या उजव्या हाताने डाव्या हाताचे मनगट धरा. आता डावा पंजा हळूहळू फिरवा. आत काहीतरी टणक सरकताना जाणवते ना? ती तुमची हाडे आहेत. उर्दूत आपण 'हड्डी' म्हणतो, मराठीत 'हाड' म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. उर्दूतल्या 'जोड'ला मराठीत 'सांधा' म्हणतात, 'पसली'ला 'बरगडी' म्हणतात आणि 'रीढ'ला 'पाठीचा कणा' म्हणतात. एवढे शब्द लक्षात ठेवले, की हा पाठ तुम्हाला सोपा जाईल.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? खाटकाच्या दुकानातील हाडे किंवा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा. त्यामुळे हाड म्हणजे लाकडासारखी किंवा दगडासारखी वस्तू आहे, असा आपला समज होतो. पण हा समज बरोबर नाही. प्रयोगशाळेतील हाड मृत असते. तुमच्या शरीरातील हाड जिवंत असते. त्यात रक्त वाहते, त्याला वेदना होतात, ते वाढते आणि मोडले तर पुन्हा जुळते. दगडाला तडा गेला तर तो आपोआप कधी जुळतो का? हाड मात्र जुळते.

जन्मलेल्या बाळाच्या शरीरात सुमारे ३०० हाडे असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात मात्र २०६ हाडे असतात. मग बाकीची हाडे कुठे गेली? ती कुठेही जात नाहीत. लहानपणी वेगवेगळी असणारी काही हाडे मोठेपणी एकमेकांना जुळतात व त्यांचे एकच हाड बनते. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला एक मऊ जागा असते. तिला टाळू म्हणतात. कवटीची हाडे तेथे अजून जुळलेली नसतात. दीड-दोन वर्षांत ती जागा भरून येते.

या २०६ हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे फक्त हातापायांच्या पंजांत असतात. प्रत्येक हाताच्या पंजात, मनगटासह, २७ हाडे आहेत. प्रत्येक पावलात, घोट्यासह, २६ हाडे आहेत. चौघांची मिळून १०६ होतात. म्हणूनच आपण सुईत दोरा ओवू शकतो, लेखणी धरू शकतो आणि खडबडीत रस्त्यावरही तोल सांभाळून चालू शकतो.

सर्वांत लांब हाड मांडीचे असते. त्याची लांबी माणसाच्या उंचीच्या सुमारे पाव हिस्सा असते. सर्वांत लहान हाड कानात असते. ते जेमतेम ३ मिलीमीटर लांब असते. घोड्यावर बसणारा ज्यात पाय अडकवतो त्या रिकिबीसारखा त्याचा आकार असतो, म्हणून त्याला रिकीब असेच नाव आहे. उर्दूत तुम्ही 'रकाब' म्हणता, तोच हा शब्द. हे इवलेसे हाड हलले नाही, तर मोठ्याने मारलेली हाकही आपल्याला नीट ऐकू येणार नाही.

हाडांची कामे पुष्कळ आहेत. ती शरीराला आकार देतात. कवटी मेंदूचे रक्षण करते. बरगड्यांच्या १२ जोड्या हृदय आणि फुप्फुसे यांच्याभोवती पिंजऱ्यासारख्या उभ्या असतात. पाठीच्या कण्यातील मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत याच मज्जारज्जूतून पोहोचतो. आपल्या मानेत ७ मणके असतात. गंमत अशी, की जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही मणके ७च असतात.

हाडाच्या आत काय असते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी जेवताना पाहिले असेल. नळीचे हाड फोडले किंवा चोखले, की आतून मऊ मगज निघतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. अस्थिमज्जा दोन प्रकारची असते, पिवळी आणि तांबडी. तांबड्या मज्जेत रक्तातील पेशी तयार होतात. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तिथून रक्तात येतात. म्हणजे हाड हे केवळ शरीराचा खांब नसून रक्ताचा कारखानाही आहे.

आता हाड कशाचे बनलेले असते ते पाहू. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन घ्या. ते काचेच्या बरणीत ठेवा आणि बुडेल इतका शिरका त्यात ओता. तीन-चार दिवसांनी जुना शिरका टाकून नवा घाला. आठवड्यानंतर हाड बाहेर काढून वाकवून पाहा. ते रबरासारखे वाकते. शिरक्यातील आम्लाने हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळवून टाकले. मागे राहिले ते प्रथिनांचे चिवट धागे. याउलट हाड चुलीत जाळले, तर धागे जळून जातात आणि क्षार मागे राहतात. असे हाड बोटाने दाबताच चुरा होते. यावरून काय कळते? क्षारांमुळे हाडाला कडकपणा येतो आणि धाग्यांमुळे चिवटपणा येतो. लोखंडी सळ्या आणि सिमेंट मिळून जसा पक्का स्लॅब होतो, तसेच हे आहे.

हाड जिवंत असते म्हणजे नेमके काय होते? हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. एक प्रकार जुने हाड मोडतो. दुसरा प्रकार त्या जागी नवे हाड बांधतो. रस्ता चालू ठेवूनच त्याची दुरुस्ती करावी, तसे हे काम चालते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा नवा होतो. म्हणजे आज तुमच्या आजोबांच्या शरीरात जी हाडे आहेत, ती त्यांच्या लग्नाच्या वेळची नाहीत!

लहानपणी आणि तरुणपणी बांधणाऱ्या पेशी पुढे असतात. म्हणून हाडे लांब, जाड आणि घट्ट होत जातात. विशीपर्यंत हाडांचा सुमारे ९० टक्के साठा भरून होतो. तिशीनंतर मोडणाऱ्या पेशी हळूहळू पुढे जातात. स्त्रियांमध्ये पन्नाशीच्या आसपास मासिक पाळी थांबल्यावर ही झीज फार वेगाने होते. त्या वेळी माणूस लहानपणी साठवलेल्या हाडांवर जगतो. बचतीच्या खात्यात आधी पैसे भरलेले असतील, तरच पुढे काढता येतात. ज्याचे खाते आधीच रिकामे, त्याची हाडे म्हातारपणी ठिसूळ होतात. मोरीत साधा पाय घसरला, तरी खुब्याचे हाड मोडते. एखाद्या घरातील दादी किंवा नानी अशीच पडून अंथरुणाला खिळलेली तुम्ही पाहिली असेल. तिचा तो अपघात न्हाणीघरात झाला, पण त्याची सुरुवात कदाचित पन्नास वर्षांपूर्वी, तिच्या तुमच्याएवढ्या वयात झाली असेल.

आता सांध्यांकडे वळू. दोन हाडे जेथे एकत्र येतात, त्या जागेला सांधा म्हणतात. सर्व सांधे सारखे नसतात. कवटीच्या हाडांचे सांधे हलत नाहीत. ते अचल सांधे होत. कोपर आणि गुडघा यांचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा असतो. दार जसे एकाच दिशेने उघडते, तसे हे सांधे पुढे-मागे हलतात. खांदा आणि खुबा यांचा सांधा उखळीचा असतो. एका हाडाचे गोल टोक दुसऱ्या हाडाच्या वाटीत बसते. त्यामुळे क्रिकेटमध्ये गोलंदाज आपला हात पूर्ण गोल फिरवू शकतो. मान डावीकडे-उजवीकडे वळते ती खुंटीच्या सांध्यामुळे. जात्याचा वरचा दगड खुंट्याभोवती फिरतो, तसाच हा प्रकार आहे. मनगटातील आणि घोट्यातील लहान हाडे एकमेकांवर सरकतात. त्यांना सरकते सांधे म्हणतात.

आपला कान दुमडून पाहा. तो लगेच पूर्ववत होतो. कानाच्या पाळीच्या वरचा भाग आणि नाकाचा शेंडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. उर्दूत आपण कूर्चेला 'कुरकुरी हड्डी' म्हणतो. सांध्यात हाडांच्या टोकांवर अशाच गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. शिवाय सांध्याच्या पिशवीत एक चिकट द्रव असतो. यंत्रमागाला वेळेवर तेल दिले नाही तर तो खडखडतो, हे भिवंडी आणि मालेगावच्या मुलांना सांगायला नको. सांध्यातील द्रव म्हणजे आपल्या शरीराचे वंगणच होय.

कूर्चेची एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कसे मिळते? ती स्पंजासारखी आहे. आपण चालतो तेव्हा ती दाबली जाते व तिच्यातील टाकाऊ पाणी बाहेर पडते. दाब सुटला, की ती सांध्यातील द्रव शोषून घेते. या द्रवातूनच तिचे पोषण होते. म्हणून हालचाल न करणाऱ्या माणसाचे सांधे उपाशी राहतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळेच एकदा झिजलेली कूर्चा हाडासारखी चटकन भरून येत नाही. वजन फार वाढले, की गुडघ्यांवर भार पडतो आणि उतारवयात ते दुखू लागतात.

एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय मुरगळतो, म्हणजे बहुधा घोट्याचा अस्थिबंध ताणला जातो किंवा थोडा फाटतो. उर्दूत याला 'मोच' म्हणतात. अशा वेळी पायाला विश्रांती द्यावी. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे लावावा आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले असण्याची शक्यता असते. मग डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

हाडांचे हे ज्ञान माणसाला एकदम मिळाले नाही. प्राचीन काळी जालीनूस नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याचा शब्द शेकडो वर्षे प्रमाण मानला जाई. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला असतो, असे त्याने लिहिले होते. पुढे बगदादचे विद्वान अब्दुल लतीफ (११६२-१२३१) इजिप्तमध्ये गेले. तेथे १२००-१२०२ या काळात भयंकर दुष्काळ पडला व असंख्य माणसे मरण पावली. उघड्यावर पडलेले मानवी सांगाडे अब्दुल लतीफ यांनी बारकाईने पाहिले. त्यांनी एक-दोन नव्हे, दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. प्रत्येक वेळी खालचा जबडा एकाच हाडाचा आढळला. त्यांनी जालीनूसचा आदर राखला, पण आपल्या डोळ्यांना जे दिसले तेच लिहून ठेवले. ज्ञान असेच पुढे जाते.

पुढे १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र या किरणांनी घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. जिवंत माणसाचे हाड न कापता पाहता येऊ लागले. आज आपण ज्याला एक्स-रे म्हणतो तो हाच.

आता प्रश्न असा, की हाडे बळकट कशी ठेवावी? त्याला तीन गोष्टी लागतात : योग्य आहार, ऊन आणि व्यायाम.

पहिली गोष्ट आहार. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातील कॅल्शियम कमी पडले, की शरीर ते हाडांतून काढून घेते. तुमच्या वयात रोज सुमारे ८०० ते १००० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. पेलाभर दुधात सुमारे २४० मिलीग्रॅम असते. दही आणि ताक यांतूनही ते मिळते. दूध परवडत नसेल तर नाचणीची भाकरी खा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तीळ, राजगिऱ्याची व शेवग्याची पाने, काट्यांसकट खाता येणारे लहान मासे हेही चांगले. पायांचे सूप प्यायल्याने हाडे मजबूत होतात, असे पुष्कळजण मानतात. ते चवदार असते, आजाऱ्याला बरेही वाटते. पण हाडातील कॅल्शियम उकळत्या पाण्यात फारच थोडे उतरते. म्हणून पाया खा, पण दूध आणि नाचणी सोडू नका.

दुसरी गोष्ट ऊन. खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागते. ते अन्नात फार थोडे असते. आपली त्वचा ते उन्हात तयार करते. 'ड' जीवनसत्त्व मिळाले नाही, तर लहान मुलांची हाडे मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि मनगटे जाड होतात. या रोगाला मुडदूस म्हणतात.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातीलच एक जुनी हकीकत तुम्हाला माहीत असायला हवी. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या आसपास, डॉक्टर हचिसन यांनी नाशिक जिल्ह्यात मुडदुसाची पाहणी केली. त्यांना काय दिसले? शेतात आणि उघड्यावर राबणाऱ्या गरिबांना पोटभर अन्नही मिळत नव्हते, तरी त्यांच्यात हा रोग आढळला नाही. उलट, ज्या सुखवस्तू घरांत बायका-मुले पडद्यामुळे दिवसभर आतच राहत, तेथे चांगले खाणेपिणे असूनही तो आढळला. त्यांत मुसलमान घरे होती आणि उच्चवर्णीय हिंदू घरेही होती. उणीव अन्नाची नव्हती, उन्हाची होती.

मुलींनो, ही गोष्ट तुम्ही विशेष ध्यानात घ्या. यात कोणाच्या रीतिरिवाजाला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरातले अंगण, गच्ची, मुलींच्या शाळेचे मैदान येथे ऊन मिळू शकते. दाट वस्तीत, अरुंद गल्लीत घर असेल, तर मुलग्यांनाही ऊन मिळत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगी पडत नाही, कारण आवश्यक ते किरण काचेत अडतात. अगदी कोवळे ऊनही पुरेसे नसते. एक सोपी खूण सांगतो. उन्हात उभे राहिल्यावर तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड दिसली, की ते ऊन कामाचे. आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा तास, चेहऱ्यावर आणि कोपरापर्यंत हातांवर असे ऊन घ्या. उन्हाळ्यात मात्र वेळ कमी करा आणि डोक्यावर कापड घ्या. हाडे दुखत असतील किंवा जिना चढताना पायांत जोर वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ते जास्त झाले तरी अपाय होतो.

तिसरी गोष्ट व्यायाम. हाडावर जितका भार पडतो, तितके ते जाड होते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून तेथे राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेची आणि पायांची हाडे दर महिन्याला १ टक्का किंवा त्याहून अधिक झिजतात. तुम्हाला अंतराळात जायला नको. दिवसभर मोबाइल घेऊन पलंगावर पडून राहिलात तरी हाडांना काम उरत नाही. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी, धावणे यांनी हाडे भक्कम होतात. दोरी तर घरातल्या घरातही खेळता येते, आणि तिला खर्च काही नाही.

दप्तराकडेही लक्ष द्या. २०२०च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तुमचे वजन ४० किलो असेल, तर दप्तर ४ किलोपेक्षा जड नको. ते दोन्ही खांद्यांवर घ्या.

शेवटी, हाड मोडले तर काय करावे? मोडलेल्या जागी आधी रक्त गोठते. मग तेथे मऊ कूर्चा तयार होते आणि काही आठवड्यांत तिचे कडक हाड बनते. जोडण्याचे काम शरीरच करते. डॉक्टर फक्त दोन्ही टोके सरळ बसवतात आणि ती हलू नयेत म्हणून प्लास्टर घालतात.

खेळताना कोणाचा हात मोडला असे वाटले, तर तो ओढू नका, चोळू नका, मालिश करू नका. विशेषतः कोपराला मार लागल्यावर मालिश केल्यास सांधा कायमचा आखडू शकतो. लाकडी पट्टी किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र हाताखाली ठेवून ते ओढणीने सैलसर बांधा. दुसऱ्या ओढणीची झोळी गळ्यात अडकवून हात तीत ठेवा. जखम असेल तर ती स्वच्छ कापडाने झाका. मान किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला उचलू नका; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आपल्याकडे अजूनही पुष्कळजण आधी हाडवैद्याकडे किंवा पहिलवानाकडे जातात. जवळचा आणि ओळखीचा माणूस असतो, पैसेही कमी लागतात. पण एक्स-रेशिवाय आतले हाड कसे मोडले आहे ते कोणालाच दिसत नाही. बांबूच्या कामट्या फार आवळून बांधल्या, की सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा बंद पडतो. सुमारे सहा तास रक्त मिळाले नाही, तर स्नायू मरू लागतात. मग हात वाकडा होतो, कधी कधी कापावाही लागतो. म्हणून पट्टी कोणीही बांधलेली असो, हाडवैद्याने किंवा डॉक्टरांनी, बोटांकडे लक्ष ठेवा. बोटे गार पडली, निळी किंवा पांढरी झाली, बधिर झाली, किंवा सरळ करताना असह्य दुखू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात जा. 'जरा सहन कर' असे मोठी माणसे म्हणाली, तरी त्यांना हे नम्रपणे समजावून सांगा. तुमच्या या एका वाक्याने एखाद्या लहान भावाचा हात वाचू शकतो.

मुलांनो, मराठीत मनापासून शिकवणाऱ्याला 'हाडाचा शिक्षक' म्हणतात आणि खूप कष्ट करण्याला 'हाडाची काडे करणे' म्हणतात. तुमच्या अम्मी-अब्बांनी तुमच्यासाठी हाडाची काडे केली आहेत. तुम्ही आज उन्हात खेळा, दूध-नाचणी घ्या आणि घरातील मोठ्यांनाही या गोष्टी सांगा.

शब्दार्थ

कूर्चा - कुरकुरी हड्डी
सांधा - जोड
बरगडी - पसली
मणका - पाठीच्या कण्यातील एक हाड
खुबा - मांडी व कंबर यांचा सांधा
वंगण - यंत्राला घालायचे तेल
ठिसूळ - सहज मोडणारे
चिवट - सहज न तुटणारे
मुडदूस - हाडे मऊ होण्याचा लहान मुलांचा रोग
कामटी - बांबूची पातळ पट्टी
हकीकत - घडलेली गोष्ट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या माणसाच्या शरीरात किती हाडे असतात?
(आ) सर्वांत लहान हाड कोठे असते?
(इ) रक्तातील पेशी हाडाच्या कोणत्या भागात तयार होतात?
(ई) अब्दुल लतीफ यांना खालच्या जबड्याविषयी काय आढळले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिरक्यात ठेवलेले हाड का वाकते?
(आ) कूर्चेला अन्न कसे मिळते?
(इ) नाशिक जिल्ह्यातील पाहणीतून कोणती गोष्ट कळली?
(ई) पट्टी बांधल्यावर बोटांकडे लक्ष का ठेवावे?

प्र. ३. जोड्या जुळवा.
'अ' गट : कोपर, खांदा, कवटी, मनगट
'ब' गट : अचल सांधा, सरकता सांधा, बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा

प्र. ४. वचन बदला.
हाड, सांधा, बरगडी, मणका, गोळी, पट्टी

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
(अ) हाडाची काडे करणे
(आ) अंथरुणाला खिळणे
(इ) नावे ठेवणे
(ई) ध्यानात घेणे

उपक्रम : एका आठवड्यात तुम्ही किती वेळ उन्हात खेळलात आणि दूध, दही, नाचणी यांपैकी काय खाल्ले, याची रोज वहीत नोंद करा. हीच नोंद घरातील आणखी एका व्यक्तीसाठीही करा. दोन्ही नोंदी वर्गात वाचून दाखवा.